वाचक विचारतात : छताची उंची आणि ब्रिटिश विमानवाहू नौका

मागच्या अंकात ‘विक्रांत’च्या बॉयलर रूमबद्दल लिहिलं. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच बाजूला होता: ज्या ब्रिटनने ही बोट बांधली, त्याच्या स्वतःच्या विमानवाहू नौकांचं पुढे काय झालं? एके काळी जगाला हे तंत्र शिकवणारा देश इतक्या लवकर रिकाम्या हाताने कसा बसला? या वेळचं सदर मी त्याच पत्रांना देतो आहे. माझी नोकरी मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात वाफेच्या यंत्रांवर गेली. त्यामुळे मी जहाजाकडे बघतो ते खालून, बॉयलर आणि पोलादाच्या बाजूने. उत्तरंही तशीच येतील.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी विमानवाहू नौकांच्या डेकवर चिलखत चढवलं, अमेरिकनांनी लाकडी डेक ठेवले. बरोबर कोण होतं? (एक वाचक, सांगली)

ज्या प्रसंगासाठी चिलखत चढवलं, त्या प्रसंगात ब्रिटिश बरोबर होते. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांसाठी मात्र ते चिलखत त्यांना फार महाग पडलं.

आधी परिस्थिती समजून घ्या. १९३६ साली ‘इलस्ट्रियस’ वर्गाची आखणी झाली, तेव्हा रडार हाताशी नव्हतं. शत्रूची विमानं येताहेत हे वेळेवर कळणार नाही, तेव्हा मार खावाच लागणार, असं धरून चालायचं होतं. ही जहाजं भूमध्य समुद्रासारख्या अरुंद पाण्यात लढणार, जिथे किनाऱ्यावरचे बॉम्बर कायम डोक्यावर. शिवाय १९१८ पासून आरमाराची विमानं हवाई दलाच्या ताब्यात होती. ती पुरतेपणी आरमाराकडे परत आली १९३९ मध्ये, तोवर नौदलाच्या वाट्याला मागासलेली विमानं आली होती. आपली लढाऊ विमानं शत्रूला थोपवतील हा भरवसा नव्हता. मग ॲडमिरल हेंडरसन यांनी ठरवलं की विमानं ठेवायची ती पोलादाच्या पेटीत. वर तीन इंच जाडीचं डेक, हँगरच्या म्हणजे डेकखाली विमानं ठेवायच्या दालनाच्या बाजूला साडेचार इंचांच्या भिंती.

आता इथे जहाज बांधणाऱ्याची खरी अडचण येते. नौदलांच्या जहाजांवर मर्यादा घालणाऱ्या तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय तहानुसार विमानवाहू नौकेचं वजन २३,००० टनांवर जाऊ द्यायचं नव्हतं. इतकं पोलाद पाण्यापासून एवढ्या उंचीवर ठेवलं की जहाज वरून जड होतं आणि कलंडण्याची भीती वाढते. उपाय एकच, सगळं खाली आणा. आधीच्या ‘आर्क रॉयल’ला एकावर एक असे दोन हँगर होते. ‘इलस्ट्रियस’ला एकच उरला. ‘आर्क रॉयल’वर साठ विमानं मावत, इथे छत्तीस. विमानांच्या पेट्रोलचा साठाही जवळपास निम्म्यावर आला. पुढे ‘इम्प्लॅकेबल’ आणि ‘इनडिफॅटिगेबल’मध्ये विमानांची संख्या वाढवायला पुन्हा दोन हँगर केले, पण त्यांची उंची चौदा फुटांवर आणून ठेवली. हा चौदा फुटांचा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ त्यात आहे.

चिलखताने काय दिलं, तेही नीट सांगितलं पाहिजे. १० जानेवारी १९४१ ला माल्टाजवळ जर्मन स्टुका विमानांनी ‘इलस्ट्रियस’ला गाठलं. दोनच महिन्यांपूर्वी याच जहाजावरून उडालेल्या एकवीस स्वोर्डफिश विमानांनी टारांटो बंदरात इटलीच्या तीन युद्धनौका निकामी केल्या होत्या, त्यामुळे जर्मनांचा डोळा तिच्यावरच होता. सहा बॉम्ब बसले. डेकचं चिलखत पाचशे पौंडी बॉम्बच्या हिशेबाने केलेलं, आलेले बॉम्ब त्याहून बरेच जड. विमानं हँगरमधून डेकवर नेणाऱ्या लिफ्टवर चिलखत नव्हतं आणि मागची लिफ्ट तिच्या विहिरीतच उद्ध्वस्त झाली. हँगर पेटला, शंभरावर माणसं गेली. तरीही बॉयलर आणि टर्बाइन शाबूत होते आणि जहाज स्वतःच्या ताकदीवर माल्टाच्या गोदीत शिरलं. तिथेही रोज बॉम्ब पडत होते. त्या गोदीतल्या कामगारांनी डोक्यावर हल्ले होत असताना पाण्याखालची भोकं बुजवली आणि २३ जानेवारीच्या रात्री जहाज बाहेर काढलं. मी स्वतः गोदीचा माणूस, म्हणून मला त्या नावं न छापल्या गेलेल्या फिटर-वेल्डरांबद्दल आजही फार आदर वाटतो. पूर्ण दुरुस्तीसाठी जहाज सुएझमार्गे थेट अमेरिकेत व्हर्जिनियातल्या नॉरफोकला न्यावं लागलं.

१९४५ मध्ये पॅसिफिकमध्ये कामिकाझे, म्हणजे जपानची आत्मघाती विमानं आदळू लागली, तेव्हा ब्रिटिश जहाजं डेकवरचा खड्डा सिमेंट आणि पत्र्याने बुजवून काही तासांत पुन्हा विमानं उडवत होती. त्याच काळात अमेरिकेच्या ‘बंकर हिल’वर दोन कामिकाझेंनी चारशेच्या आसपास माणसं मारली. त्यामुळे चिलखत फुकट गेलं असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्यांची मुलं त्या डेकखाली काम करत होती, त्यांना विचारा.

पण बंद पेटीचा दुसरा गुण असा की आत स्फोट झाला तर तो बाहेर पडत नाही. ‘फॉर्मिडेबल’च्या हँगरमध्ये मे १९४५ ला एका कोर्सेअर विमानाच्या बंदुका चुकून सुटल्या. त्या आगीत सुमारे तीस विमानं जळाली. शत्रूने जे केलं नव्हतं ते या एका अपघाताने केलं. आणि या मारांनी जहाजांचे सांगाडेच वाकले होते. ‘इलस्ट्रियस’चा मधला शाफ्ट, म्हणजे पाण्यातला पंखा फिरवणारा दांडा, इतका थरथरत असे की शेवटी मधला पंखा काढून टाकला आणि ती उरलेल्या दोन पंख्यांवर चालवली. वरून बघणाऱ्याला डेक दुरुस्त झालेलं दिसतं. शाफ्टची रेषा चुकली की ती खालच्या माणसाला रात्रंदिवस ऐकू येते.

खरा घाव युद्ध संपल्यावर बसला. विमानं मोठी होत गेली. अमेरिकन कोर्सेअर पंख दुमडूनही ब्रिटिश हँगरच्या छताला लागत असे, म्हणून त्याच्या पंखांची टोकं आठ-आठ इंच कापली होती. चौदा फुटांच्या हँगरात तर तो तरीही गेला नसता. जेट आल्यावर काय होणार हे स्पष्ट होतं. छत उंच करावं म्हटलं तर ते वरचं डेक म्हणजे झाकण नव्हतं. जहाजाची सगळी ताकद त्या डेकमध्ये आणि भिंतींमध्ये गुंफलेली होती. ज्या वाड्याच्या भिंतीच छतावर तोललेल्या आहेत, त्याचं छत उचलायचं तसं ते काम. अमेरिकेच्या ‘एसेक्स’ वर्गात ताकद हँगरच्या तळाशी होती, उड्डाणाचं डेक त्यावर वेगळं बसवलेलं. त्यामुळे ती जहाजं पुन्हा पुन्हा बदलता आली. त्यातली ‘लेक्सिंग्टन’ १९९१ पर्यंत सेवेत होती.

ब्रिटनच्या सहा चिलखती जहाजांपैकी पाच १९५० च्या दशकातच मोडीत निघाली. सहावी ‘व्हिक्टोरियस’. तिची पुनर्बांधणी पोर्ट्समथच्या गोदीत १९५० मध्ये सुरू झाली. हँगरच्या तळापर्यंत सगळं कापून काढलं. काम बरंच पुढे गेल्यावर लक्षात आलं की जुने बॉयलर फार वर्षं टिकणार नाहीत. मग केलेलं काम पुन्हा फोडून नवे बॉयलर बसवले. १९५८ उजाडलं आणि खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट झाला. जहाज उत्तम झालं, यात शंका नाही. पण सहाही जहाजांची अशी पुनर्बांधणी करायची योजना होती, ती या एकाच जहाजावर संपली. बॉयलरची तपासणी पहिल्या दिवशी करायची असते, हे आमच्या शॉपमधल्या नव्या मुलालाही शिकवलं जायचं. इतक्या अनुभवी गोदीत आखणी करताना ते निसटावं याचं मला आजही वाईट वाटतं.

अमेरिकनांनी युद्धाच्या शेवटी ‘मिडवे’ वर्ग बांधला, तेव्हा डेकवर चिलखत घातलंच. फक्त त्यासाठी जहाज ४५,००० टनांचं केलं. म्हणजे कल्पना योग्य होती, ती २३,००० टनांत कोंबली गेली.

प्रश्न : काका, मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिरकं डेक, वाफेचा कॅटापुल्ट आणि उतरायला मदत करणारा आरसा हे तिन्ही शोध ब्रिटिशांचे, असं वाचलं. मग फायदा अमेरिकेला कसा झाला? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

तिन्ही ब्रिटिशांचेच, आणि तिन्ही जेमतेम पाच-सहा वर्षांतले. तुझा प्रश्न मला फार आवडला.

सुरुवात ३ डिसेंबर १९४५ ला झाली. एरिक ब्राउन या वैमानिकाने सी व्हँपायर जेट ‘ओशन’ या छोट्या जहाजावर उतरवलं. जहाजावर असं जेट उतरण्याची ही पहिलीच वेळ. उतरता येतं हे कळलं, पण अडचणीही कळल्या. जेट वेगाने येतं, आणि चुकल्यावर इंजिनाचा जोर वाढायला वेळ लागतो. सरळ डेकवर मागच्या अर्ध्या भागात विमानं उतरत, पुढच्या अर्ध्या भागात आधी उतरलेली उभी असत, मध्ये जाळी. विमानाला थांबवायला डेकवर ताणलेल्या आडव्या तारांपैकी एकीतही त्याचा हुक अडकला नाही, तर ते जाळीत जायचं, आणि जाळी ओलांडली तर उभ्या विमानांत.

१९५१ मध्ये कॅप्टन डेनिस कॅम्बेल यांना सुचलं की उतरायची पट्टीच थोडी डावीकडे वळवावी. हुक चुकला तर समोर मोकळा समुद्र, वैमानिकाने जोर लावून पुन्हा फेरी मारावी. फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेतले लुईस बॉडिंग्टन यांनी त्याला आकार दिला. पहिल्या चाचणीसाठी ‘ट्रायम्फ’च्या डेकवर फक्त रंगाने तिरक्या रेघा मारल्या होत्या. इतका मोठा बदल, आणि पहिला खर्च रंगाच्या डब्यांचा! तू पुढे डिझाइनमध्ये काम करशील तेव्हा हे आठव. महागडं यंत्र जोडण्याआधी जागेची मांडणी बदलून बघता येते का, हे आधी तपासायचं.

वाफेचा कॅटापुल्ट, म्हणजे विमानाला डेकवरून जोराने पुढे फेकणारं यंत्र, हा कॉलिन मिचेल यांचा. डेकखाली लांब सिलिंडर, त्याला वरच्या बाजूने उभी फट, त्या फटीतून पिस्टनचा आकडा वर येऊन विमानाला ओढतो. फटीतून वाफ निसटू नये म्हणून पिस्टन पुढे गेला की मागे पट्टी बंद होत जाते. जहाजाच्या बॉयलरचीच वाफ वापरायची, म्हणजे वेगळं इंजिन नको. ‘विक्रांत’वर हा कॅटापुल्ट होता. विमान सुटताना वाफेचा दाब खाली उतरायचा आणि बॉयलर रूममधल्या माणसाला तो सावरायला लागायचा. हे गणित पुस्तकात सोपं असतं. त्या उष्णतेत उभं राहून बर्नर सांभाळणाऱ्याचा घाम त्यात धरलेला नसतो.

तिसरा शोध निकोलस गुडहार्ट यांचा. पूर्वी डेकवर एक अधिकारी हातात बॅट घेऊन उभा राहून वैमानिकाला वर-खाली असं खुणावत असे. जेटच्या वेगाला ते पुरेना. गुडहार्ट यांनी ऑफिसात आरशावर लिपस्टिकने आडवी रेघ ओढली, समोर टॉर्च ठेवला आणि आपल्या सेक्रेटरीला सांगितलं की प्रकाशाचा ठिपका रेघेवर ठेवत चालत ये. ती चालत आली ती बरोबर टेबलाच्या उंचीवर हनुवटी टेकवून थांबली, असं सांगतात. पुढे जहाजावर मोठा आरसा आणि दिवे आले.

आता फायदा कोणाला झाला? वाफेच्या कॅटापुल्टचं प्रात्यक्षिक द्यायला ब्रिटिशांनी ‘पर्सिअस’ हे जहाजच १९५२ मध्ये अमेरिकेला पाठवलं. त्याच वर्षी अमेरिकनांनी ‘अँटिएटम’ला खरं तिरकं डेक बसवायला घेतलं. त्यांच्याकडे युद्धात बांधलेली दोन डझन ‘एसेक्स’ होती, पैसा होता, आणि मुख्य म्हणजे हे शोध सामावतील एवढी जागा होती. ब्रिटनकडे शोध होते, पण ते बसवायला जहाजं लहान. अमेरिकन फँटम विमान ब्रिटनने घेतलं, तेव्हा छोट्या डेकवरून उडावं म्हणून त्याचं पुढचं चाक चाळीस इंच वर उचलता येईल असं केलं, इंजिनं बदलून रोल्स-रॉइसची बसवली आणि लिफ्टवर मावावं म्हणून नाकाचं टोक दुमडता येईल असं केलं. जहाज वाढवता येत नाही म्हणून विमान बदलायचं, हा क्रम कोर्सेअरचे पंख कापण्यापासून तसाच चालू राहिला. त्यातल्या अभियंत्यांचं कौशल्य मोठंच. पण ते सगळं कौशल्य अपुऱ्या जागेशी झगडण्यात खर्च झालं.

प्रश्न : मुलाकडे पोर्ट्समथला आलो आहे. इथे ‘क्वीन एलिझाबेथ’ ही प्रचंड नौका पाहिली. १९६६ मध्ये याच नावाची नौका ब्रिटनने रद्द केली होती, असं शेजारच्या एका निवृत्त नौसैनिकाने सांगितलं. नेमकं काय झालं होतं? (एक ज्येष्ठ वाचक, मूळ पुणे)

तुमच्या शेजाऱ्यांनी खरं सांगितलं. त्या नौकेला आराखड्यात सीव्हीए-०१ म्हणत, नाव ‘क्वीन एलिझाबेथ’ ठरलं होतं. सुमारे ५३,००० टन. फेब्रुवारी १९६६ मध्ये संरक्षणमंत्री डेनिस हीली यांनी ती रद्द केली. नौदलमंत्री ख्रिस्तोफर मेह्यू आणि नौदलप्रमुख सर डेव्हिड लूस या दोघांनीही राजीनामे दिले. एका जहाजासाठी मंत्री आणि ॲडमिरल दोघांनी पद सोडणं, यावरून ती गोष्ट त्यांच्या किती जिव्हारी लागली असेल ते समजतं.

हवाई दलाचं म्हणणं होतं की हिंदी महासागरातल्या बेटांवर तळ ठेवून अमेरिकन एफ-१११ विमानांनी तेच काम स्वस्तात होईल. सरकारने ते मानलं. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, २.८० डॉलरचा पौंड २.४० वर आला. जानेवारी १९६८ मध्ये सुएझ कालव्याच्या पूर्वेकडच्या लष्करी तळांवरून माघार घ्यायचं जाहीर झालं आणि ती एफ-१११ विमानंही रद्द झाली. म्हणजे ज्यासाठी जहाज मारलं, तेही दोन वर्षांत गेलं.

लोक सगळा दोष हीली यांच्यावर टाकतात. मला ते पटत नाही. मी तुम्हाला दुसरी एक गोष्ट सांगतो. १९५० आणि ६० च्या दशकात ब्रिटनकडे जेवढ्या विमानवाहू नौका होत्या, ‘ईगल’, ‘आर्क रॉयल’ (वर आलेली नव्हे, त्याच नावाची नंतरची), ‘हर्मीस’, ‘सेंटॉर’, ‘व्हिक्टोरियस’, त्या सगळ्यांची कील, म्हणजे तळाचा कणा, युद्ध संपण्याआधी घातलेली होती. १९४५ नंतर नव्या विमानवाहू नौकेची कील घातली गेली ती थेट १९७३ मध्ये, ‘इन्व्हिन्सिबल’ची. अठ्ठावीस वर्षं! ‘माल्टा’ नावाचा मोठ्या जहाजांचा वर्ग आखून तयार होता, तो युद्ध संपताच रद्द झाला. त्याला कारणंही खरी होती. देश कर्जात बुडालेला, रेशन १९५४ पर्यंत चालू. अशा वेळी नवं जहाज मागणं अवघड आणि जुनं दुरुस्त करणं सोपं वाटतं. पण जुन्या सांगाड्यांच्या पुनर्बांधणीत गेलेला पैसा पाहा. एकट्या ‘ईगल’च्या १९५९ ते ६४ च्या कामाला तीन कोटी दहा लाख पौंड लागले, ‘आर्क रॉयल’ला १९६७ ते ७० मध्ये तीन कोटी वीस लाख. पन्नासच्या दशकाच्या मध्यात मोठ्या मापाची दोन जहाजं बांधायला घेतली असती, तर १९६६ चा वाद असा टोकाला गेला नसता, असं माझं ठाम मत आहे. हीली यांच्यासमोर आला तो हिशेब वीस वर्षं पुढे ढकलत आणलेला होता.

‘ईगल’चा शेवट मला सगळ्यात जास्त सलतो. ती आणि ‘आर्क रॉयल’ या दोघींत ती अधिक चांगल्या अवस्थेत होती. पण फँटमसाठी लागणारे बदल ‘आर्क रॉयल’वर झाले होते, म्हणून जानेवारी १९७२ मध्ये ‘ईगल’ला काढलं आणि नंतर तिचे सुटे भाग काढून ‘आर्क रॉयल’ चालवली. धडधाकट जहाज उघडं पाडून त्याचे पंप आणि व्हॉल्व्ह दुसऱ्या जहाजाला लावणं हे काम गोदीतल्या कोणालाच आवडत नाही. ‘आर्क रॉयल’ १९७९ मध्ये निवृत्त झाली. तिच्याबरोबर ब्रिटनची फँटम आणि बकॅनियर विमानं समुद्रावरून उतरली, आणि लांबून येणारी विमानं रडारवर हेरणारी गॅनेटही.

प्रश्न : ‘विक्रांत’ म्हणजे इंग्रजांनी वापरून टाकलेली जुनी बोट, असं माझे मामा म्हणतात. खरं आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

नाही. ब्रिटिश नौदलाने ती कधी चालवलीच नाही. ‘हर्क्युलिस’ नावाने टाइन नदीवरच्या गोदीत तिचं जलावतरण सप्टेंबर १९४५ मध्ये झालं, युद्ध संपलेलं होतं, काम थांबलं. १९५७ मध्ये भारताने ती अर्धवट अवस्थेत घेतली. बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत तिरकं डेक, वाफेचा कॅटापुल्ट आणि आरसा बसवून ती पूर्ण झाली. ४ मार्च १९६१ ला विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ती आपल्या नौदलात आली.

मामांना आणखी एक सांगा. हा जो हलक्या जहाजांचा वर्ग होता, त्यात चिलखत नव्हतं. घाईने, व्यापारी जहाजांच्या नियमांनी, साध्या गोद्यांतही बांधता येतील अशा बेताने सोळा जहाजं घेतली होती. युद्ध संपेपर्यंत टिकली की पुरे, एवढीच अपेक्षा. वेग पंचवीस नॉटच्या आसपास, त्याहून जास्त नाही. पण हँगरची उंची साडेसतरा फूट! ‘इम्प्लॅकेबल’चे चौदा फूट आठवा. या साडेतीन फुटांनी त्या जहाजांना आयुष्य दिलं. कोरियाच्या युद्धात ब्रिटनने हीच जहाजं आळीपाळीने लढवली. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, नेदरलँड्स, अर्जेंटिना, ब्राझील आणि भारत, इतक्या देशांनी ती चालवली. ब्राझीलची ‘मिनास जेराइस’ तर १९४५ च्या ‘व्हेंजन्स’चीच, २००१ पर्यंत सेवेत. तीन इंच चिलखताची मानाची जहाजं भंगारात गेली तेव्हा ही साधी जहाजं जगभर फिरत होती.

आमच्या डॉकयार्डात ‘विक्रांत’साठी व्हिटवर्थ मापाचे पाने वेगळ्या कपाटात ठेवलेले असत, कारण नव्या मापाचा पाना तिच्या नटाला बसत नसे. सगळी ड्रॉइंग फूट-इंचात. चार बॉयलर, दोन शाफ्ट. १९७१ मध्ये एका बॉयलरला भेगा पडल्या होत्या आणि ती उरलेल्या तिघांवर, कमी वेगाने, बंगालच्या उपसागरात गेली. तिच्या सी हॉक विमानांनी ४ डिसेंबरला कॉक्स बाजारवर हल्ला केला. कमी वेगात कॅटापुल्टवरून विमान सोडायचं म्हणजे वाऱ्याची मदत लागते. ती त्यांनी मिळवली, आणि त्या बॉयलर रूमच्या माणसांनी वाफ कमी पडू दिली नाही.

प्रश्न : मी नौदलातून निवृत्त झालो आहे, काही काळ ‘विराट’वर होतो. फॉकलंडच्या युद्धात तीच ब्रिटनची मुख्य नौका होती, याबद्दल आपण लिहावं. (एक वाचक, सातारा)

आपण स्वतः तिच्यावर राहिला आहात, तेव्हा तिचं अंतरंग आपल्याला माझ्याहून जास्त ठाऊक. मी फक्त दोन गोष्टी जोडतो.

एक, तिची वाट पाहण्याची क्षमता. ‘हर्मीस’ म्हणून तिची कील जून १९४४ मध्ये घातली, जलावतरण फेब्रुवारी १९५३ मध्ये झालं, सेवेत आली नोव्हेंबर १९५९ मध्ये. पंधरा वर्षं! पण रखडल्यामुळेच तिला तिरकं डेक, वाफेचे कॅटापुल्ट आणि नवं रडार बांधतानाच मिळालं. पुढे ती कमांडोंची नौका झाली, मग पाणबुडीविरोधी, आणि कॅटापुल्ट गेल्यावर १९८० च्या सुमारास पुढच्या टोकाला बारा अंशांचा स्की-जंप बसला. हा स्की-जंपही एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याचा, डग टेलर यांचा. सी हॅरियर या जेट विमानाला डेकच्या टोकाशी वर वळलेल्या उतारावरून उचलून दिलं की ते कमी धावेत जास्त वजन घेऊन उडतं.

दोन, १९८२ ची फॉकलंड बेटांसाठीची ब्रिटन-अर्जेंटिना लढत. १९८१ मध्ये ब्रिटनने ‘इन्व्हिन्सिबल’ ऑस्ट्रेलियाला विकायचं ठरवलं होतं. अर्जेंटिनाने काही महिने थांबून हल्ला केला असता, तर ब्रिटनजवळ काय उरलं असतं, याचा विचार करा. ॲडमिरल वुडवर्ड ‘हर्मीस’वरून ताफा चालवत होते. सी हॅरियर हवेतल्या लढाईत एकही पडलं नाही. पण लांबून येणारं विमान हेरणारी गॅनेट ‘आर्क रॉयल’बरोबर गेली होती. ४ मे ला समुद्रालगत खालून उडत आलेल्या अर्जेंटिनाच्या विमानांच्या एक्झोसेट क्षेपणास्त्राने ‘शेफील्ड’ ही ब्रिटिश युद्धनौका गेली. १९६६ च्या निर्णयाची किंमत त्या खलाशांनी मोजली, असं मी मानतो.

आणि समोरच्या बाजूला कोण होतं? अर्जेंटिनाची ‘बेंतिसिंको दे मायो’, म्हणजे १९४५ ची ब्रिटिश ‘व्हेनरेबल’. आधी डचांकडे, मग अर्जेंटिनाकडे. २ मे ला तिने बॉम्बने लादलेली स्कायहॉक विमानं तयार ठेवली होती, पण वारा पडला, आणि जहाजाचा वेग एवढा नव्हता की वाऱ्याशिवाय ती उडवता येतील. विमानं उडालीच नाहीत. युद्धकाळात स्वस्तात बांधलेल्या त्या पंचवीस नॉटच्या यंत्रांनी सदतीस वर्षांनी ब्रिटनलाच वाचवलं.

प्रश्न : मुलांना अशी एखादी जुनी ब्रिटिश विमानवाहू नौका दाखवायची आहे. कुठे जावं? (एक पालक, ठाणे)

पूर्ण नौका आता कुठेही जपलेली नाही. ब्रिटनने एकही ठेवली नाही. आपली ‘विक्रांत’ मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती, २०१४ मध्ये ती दारुखान्याला तोडायला गेली. ‘विराट’ २०२० मध्ये मुंबईहून अलंगला ओढत नेली. ती जपावी म्हणून लोकांनी प्रयत्न केले. त्यांना यश आलं नाही, आणि ते यायला हवं होतं.

मुंबईत लायन गेटजवळ ‘विक्रांत’च्या पोलादातून केलेलं स्मारक आहे, ते दाखवा. आणि सुट्टीत गोव्याला गेलात तर बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर ही तिन्ही विमानं आहेत. सी हॉकच्या पंखांचा दुमडायचा सांधा मुलांना जवळून दाखवा, आणि हँगरचं छत किती उंच असावं लागेल, हे त्यांनाच मोजायला सांगा.